रावीरीचा डावा हात

३ जून

हिनेवाईने ही डायरी आणून दिली. शेतकी दुकानात फुकट मिळते ती. पानोपानी मेंढ्यांच्या जंतांच्या औषधाची जाहिरात आणि उरलेल्या जागेत मी. हिनेवाई आमची मुलगी. इन्व्हरकारगिल शहरात बालवाडीत शिकवते आणि रविवारी घरी आली की मला शिकवते. "मा, रोज लिही. पप्पांचा हात कधी आखडतो, कधी सैल पडतो, सगळं. सेमिसीने सांगितलंय." सेमिसी म्हणजे फिजिओ. टोंगा बेटांवरचा धिप्पाड गडी आहे, आमच्या दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागतं. पंधरा दिवसांनी एकदा येतो.

तर लिहिते. मी मेरेआना, वय एकसष्ट. अडतीस वर्षं कातरणीच्या शेडमध्ये लोकर उचलली. माझा नवरा रावीरी मेंढ्या कातरायचा. त्याच्या पायाशी पडलेली अख्खी लोकर मी कवेत उचलून टेबलावर फेकायचे आणि तो पुढची मेंढी ओढून आणेपर्यंत फळ्या झाडून मोकळी व्हायचे. मार्चच्या अकरा तारखेला दुसऱ्या पाळीत त्याच्या हातून मेंढी सुटली. त्याच्या हातून मेंढी सुटत नाही, म्हणून मी वर पाहिलं, तर तो भिंतीला टेकून खाली सरकत होता. मेंदूत रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. डावं अंग गेलं. बोलणं वाचलं, आणि टोमणा तर एकही हरवला नाही.

आज मिसेस बुकानन येऊन गेल्या. रावीरीने घरी राहायचं की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी बाई. माझे तीन चीज रोल खाल्ले आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की २७ ऑगस्टला परत येईन तेव्हा तीन गोष्टी बघेन. मला एकटीला त्याच्या अंगात शर्ट घालता आला पाहिजे. मूठ उघडून तळवा धुता आला पाहिजे. आणि माझ्या आधाराने त्याला पलंगावरून उठून खुर्चीत बसता आलं पाहिजे. नाहीतर गावातल्या शुश्रूषागृहात त्याची सोय करावी लागेल. "तुमच्याच भल्यासाठी, मेरेआना."

आत्ता यातलं एकही जमत नाही. कोपर दुमडून छातीला चिकटलेलं, मूठ घट्ट, आणि डाव्या पायाची टाच जमिनीला लागत नाही. बारा आठवडे आहेत. बारा आठवड्यांत आमची टोळी अर्धा जिल्हा कातरते.

६ जून

सेमिसीने आल्या आल्या रबरी चेंडू जप्त केला.

चेंडू माझा. एप्रिलमध्ये हा हात नुसता लोंबत होता. मग एक दिवस बोटं आपोआप मिटायला लागली आणि आम्ही सगळे रडलो. हात जागा झाला असं वाटलं. मी चेंडू आणला आणि दिवसभर दाबायला लावला. पकड वाढत गेली. येईल त्या पाहुण्याला मी सांगायचे, बोट देऊन बघा त्याच्या हातात, सोडवता येणार नाही.

"आंटी, ही ताकद नव्हे," सेमिसी म्हणाला. "स्नायू ताणला की तो उलट स्वतःला आवळतो. तुमचाही आवळतो, माझाही. पण मेंदू वरून त्याला सांगत असतो, गप्प बस, काही झालेलं नाही. अंकलच्या हाताला तो निरोप पोचत नाही. फाटकावरचा कुत्रा असतो ना, मालक घरात नसला की? धावत गेलात तर अंगावर येतो. सावकाश गेलात तर गुरगुरतो, पण जाऊ देतो."

"आमच्या घरात सावकाश चालणारं कोणी नाही," रावीरी म्हणाला.

मग व्यायाम शिकवले. कोपर सरळ, मनगट वर, बोटं एकेक करून उघडायची, पाऊल वर. सावकाश करायचं आणि शेवटाला धरून ठेवायचं. मी बरं म्हटलं. सावकाश कसं करायचं ते मला सांगायला नको.

१० जून

एक युक्ती सुचली. शेडमध्ये दिवसाच्या चार पाळ्या, दोन-दोन तासांच्या, मध्ये चहाची आणि जेवणाची सुट्टी. तसंच इथे करायचं. सकाळी साडेसातला पहिली पाळी. दर पाळीला किती वेळा हात ताणला ते खडूने दारामागे लिहायचं. आकडा समोर असला की माणूस ढिला पडत नाही.

आज पहिल्या दिवशी ६४.

१४ जून

११८. चौथ्या पाळीत तर चाळीस झाले. माझेच दंड भरून आले.

रावीरी म्हणाला, "मिशी असती तर तू अगदी माझा पहिला मुकादम दिसली असतीस."

"हात दे."

"देतोय की. तोच येत नाहीये."

हा हात अजब आहे. सकाळी मी खोलीत शिरले की तो छातीकडे सरकतो. मी अजून हातही लावलेला नसतो. माझे बूट व्हरांड्यात वाजले तरी सरकतो, मी दाराच्या फटीतून पाहिलंय. जांभई देताना मात्र आपोआप वर उचलला जातो, कुणी बोलावल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आनंदाने ओरडलेच होते.

१५ जून

१३१.

२० जून

सेमिसीने मोजमाप घेतलं आणि भुवया वर केल्या. पंधरा दिवसांपूर्वीपेक्षा कोपर जास्त अडतंय.

त्याने बरंच विचारलं. लघवीला जळजळ होते का, पोट साफ होतं का, पायाचं नख रुतलंय का, मोजा घट्ट आहे का, थंडीत झोपतो का. कुठे काही खुपत असलं, भले त्याला स्वतःला जाणवत नसलं, तरी हात-पाय जास्त आखडतात म्हणे. मी सगळ्याला नाही म्हटलं. आकड्याचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. इतकं करूनही हात बिघडला हे त्याच्यासमोर बोलायची लाज वाटली असेल.

चहा करायला गेले तर दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी ट्रे घेऊन आले आणि विषय हवामानावर गेला. पुरुषांना हवामानात एवढं काय सापडतं.

मला वाटतं रावीरी मनापासून करत नाहीये. मी शंभर वेळा ताणते, तो शंभर वेळा आवळतो. हट्टी माणूस आहे, आधीपासून.

२३ जून, रविवार

आज मनाला लागलं.

हिनेवाई आली, त्याच्याजवळ बसली आणि टीव्हीवर नेटबॉलचा सामना लावला. त्याचं कोपर आपल्या मांडीवरच्या उशीवर घेतलं, हात हातात धरला आणि सामना बघत बसली. बस्स. काही करत नव्हती. मध्येच पंचाला शिव्या देत होती. सामना संपला तेव्हा बोटं अर्धी उघडली होती आणि तिचा अंगठा त्याच्या तळव्यात होता.

मी आठवडाभर घाम गाळते आणि ही नेटबॉल बघून जाते.

दुपारी त्याने मला सरपण आणायला पाठवलं. सरपण भरपूर होतं. परत आले तर हिनेवाई टेबलापाशी काहीतरी लिहीत होती, मला बघून कागद पाकिटात सारला. "रग्बी क्लबचं पत्र, मा. पप्पा सांगत होते, मी लिहून घेतलं." तिचे डोळे लाल होते. सर्दी झालीय म्हणाली. त्या बालवाडीत सगळ्या पोरांची नाकं गळत असतात.

२ जुलै

इन्व्हरकारगिलला इंजेक्शनं झाली. दंडात, हाताच्या पुढच्या भागात आणि पोटरीत. बोटॉक्स. तेच, जे श्रीमंत बायका कपाळात घेतात.

"माझी पोटरी आता तिशीतली दिसणार," रावीरीने नर्सला सांगितलं.

डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्ट बोलणारी आहे. म्हणाली, हे औषध आवळलेल्या स्नायूला फक्त सैल करतं, हात परत आणत नाही. आठवडाभरात गुण दिसू लागेल, तीनेक महिन्यांत ओसरेल. तेवढ्या काळात नीट ताणून घेतलंत तर फायदा, नाहीतर वाया. मी वहीत लिहून घेतलं आणि 'नीट'खाली रेघ मारली.

येताना गाडीत त्याने विचारलं, "गावातल्या त्या शुश्रूषागृहात जेवण बरं असतं म्हणे?"

कालच त्याच्यासाठी डुकराची हाडं आणि पुहाची रानभाजी तीन तास उकळली होती.

९ जुलै

मूठ उघडली. पूर्ण नाही, पण माझी दोन बोटं आणि ओलं फडकं आत जाईल एवढी.

कित्येक आठवड्यांनी मी त्याचा तळवा नीट पाहिला. पांढरा पडलेला, ओला, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. नखांचे चार चंद्र रुतलेले, एकातून पाणी येत होतं. हा तो हात. लोक म्हणायचे कातरायचं मशीन उजव्या हातात असतं, पण कातरतो डावा. हाच मेंढीची कातडी पुढे ताणत जायचा, जखम होऊ द्यायचा नाही. मी धुतला, पुसला, मलम लावलं, नखं कापली. रावीरी खिडकीबाहेर बघत राहिला.

"घाण वाटली ना," तो म्हणाला.

"वाटली," मी म्हटलं. "मग?"

नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. लगेच बाहेर आले, तिसरी पाळी राहिली होती.

१२ जुलै

मोआनाचा फोन. मोआना आमच्या टोळीची मालकीण, रावीरीची चुलत बहीण. कोकरं व्हायच्या आधीची कातरणी सुरू झालीय, लोकर उचलायला एक बाई कमी आहे. "एक दिवस ये गं वहिनी. नुसती उभी राहिलीस तरी या पोरी धाकात राहतील."

मी नाही म्हटलं. रावीरी म्हणाला, "जा."

"तुला कोण बघेल?"

"हिनेवाई रजा घेईल. जा. तू बसतेस तेव्हा पाय हलवतेस, आणि पायाबरोबर टेबल हलतं, आणि टेबलाबरोबर माझा चहा."

१५ जुलै

गेले. आणि इथे खरं लिहायचं तर इतका आनंद मला मार्चपासून झाला नव्हता. मशीनं सुरू झाली, पहिली लोकर पडली आणि माझे पाय आपोआप धावले. दिवसभर त्याची आठवण आली नाही. दिवसभर. जेवणाच्या सुट्टीत खारवलेला टीटी पक्षी खाताना हसून हसून ठसका लागला. चौथ्या पाळीनंतर गाडीत बसले आणि एकदम आठवलं, की घरी एक माणूस आहे जो उठून पाणी घेऊ शकत नाही. आपण कसली बाई आहोत असं वाटलं.

घरी आले तर त्याने सगळं विचारून घेतलं. कोण किती कातरतंय, कुणाची मेंढी लाथा मारते. मी सांगत राहिले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"छान दिसतेस," म्हणाला.

मला वाईट वाटलं, का ते कळलं नाही.

१६ जुलै

काल गेले त्याची भरपाई करायला सहालाच सुरू केलं. १४० करायचेच ठरवलं होतं. १२२ ला मी हात ओढला आणि त्याच्या खांद्यात काहीतरी हललं. तो ओरडला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. एकदा मशीनने मांडी फाटली, तेव्हाही नाही.

मूठ पुन्हा मिटली. पायसुद्धा ताठला.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

१८ जुलै

सेमिसीला सगळं सांगितलं. दार उघडून खडूचे आकडे दाखवले. तो ते बराच वेळ वाचत राहिला. मी शिव्यांची वाट बघत होते.

"आंटी," तो म्हणाला, "इतकं कष्टाने चुकलेलं मी कुणाला पाहिलं नाही."

खांदा उतरलेला नाही, स्नायू दुखावलाय. आठवडाभर कोपर उशीवर, ओढाओढी बंद. मग त्याने मला त्याच हातावर दाखवलं. झटकन उघडायला गेला, कोपर अर्ध्यातच अडलं. मग इतक्या सावकाश उघडलं की मला भिंतीवरचं घड्याळ बघावंसं वाटलं, आणि तेच कोपर जवळजवळ सरळ झालं. तोच हात, तोच माणूस. मला ही फसवणूक वाटली.

"आता तुम्ही. ओढायचं नाही. नुसतं धरून बसायचं. दहा मिनिटं."

मी चौथ्या मिनिटाला उठले. केटली बघायला.

"केटली बंद आहे," रावीरी म्हणाला.

सेमिसी गेल्यावर त्याने मला समोर बसवलं. "मेरे, मेंढी लाथा का मारते?"

"मला विचारतोस? अडतीस वर्षं बघतेय."

"सांग ना."

"नीट धरली नाही की मारते."

"पडायची भीती वाटली की मारते. गुडघ्यांचा आधार दिला, पाठ टेकवली, की ती अंग सोडते. मग तिचं काहीही करा. मी कधी एखाद्या मेंढीशी भांडलो का?"

"नाही."

"मग तू माझ्याशी का भांडतेस?"

मी म्हटलं, मी तुझ्याशी नाही, तुझ्या हाताशी भांडतेय. तो म्हणाला, हात माझाच आहे.

दार पुसून टाकलं.

२६ जुलै

सहा मिनिटं. खांदा बरा आहे.

१ ऑगस्ट

सेमिसी खूश आहे. औषधाचा जोर आता पुरा आहे म्हणाला. रोज दोनदा पाऊल उतरत्या फळीवर टेकवून उभं करायचं, टाच खाली बसेपर्यंत थांबायचं. रात्री हाताला स्प्लिंट, म्हणजे बोटं उघडी ठेवणारी पट्टी.

मी नऊ मिनिटांपर्यंत आलेय. हे त्या १४० पेक्षा अवघड आहे आणि कुणाला सांगितलं तर हसतील. पहिली तीन मिनिटं भांडी दिसतात, कपडे दिसतात, कोंबड्या दिसतात. चौथ्या मिनिटाला भीती येते. धावत असले की ती मागे राहते. बसले की येऊन शेजारी बसते. हा आता कायम असाच. मीही कायम अशीच. शेड संपली. रोज चौथ्या मिनिटाला हेच येतं आणि मी उठायला बघते, आणि माझ्या आत ते उठलं की त्याच क्षणी त्याची बोटं माझ्या हातावर आवळतात. मी जागची हललेलीही नसते. त्याला कसं कळतं?

११ ऑगस्ट, रविवार

सगळं नीट चाललंय आणि हा माणूस म्हणतो, "त्या शुश्रूषागृहाच्या खिडकीतून रग्बीचं मैदान दिसतं."

मी विचारलं, "तुला तिथे जायचंय?"

"मैदान दिसतं एवढंच म्हटलं."

त्या वेळी हात माझ्या हातात होता. दगड झाला एकदम. मला वाटलं, खांद्याचं मनात ठेवलंय. माझ्या हातांवरचा विश्वास उडालाय त्याचा. त्याला तरी दोष कसा देऊ?

हिनेवाईला विचारलं, पप्पा काही बोलले का तुझ्याशी. ती भांडी घासायला निघून गेली. स्वतःहून भांडी घासणारी मुलगी नव्हे ती.

२२ ऑगस्ट

पाच दिवस राहिले. आज शर्ट तीस मिनिटांत, खुर्ची पहिल्याच प्रयत्नात. तळवा तर आता रोज धुते, कोरडा आणि गुलाबी असतो.

२६ ऑगस्ट

रंगीत तालीम केली आणि सगळं फसलं. उद्याचं डोक्यात होतं, हात भराभर चालले, बाही कोपराशी अडकली, मी ओढली, शिवण उसवली. तो काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

२७ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर पुढचं आधी लिहून बसेन.

मिसेस बुकानन दहाला आल्या. हिनेवाईही आली होती, बोलावलं नसताना. रावीरी पलंगावर बसला होता, मी निळा शर्ट हातात घेऊन उभी. मिसेस बुकाननांनी फाइल उघडली, चष्मा लावला, काढला.

"सुरू करायच्या आधी हे विचारायला हवं," त्या म्हणाल्या. "रावीरी, तुमचं जूनमधलं पत्र. मेरेआनांना ठाऊक आहे का?"

"नाही," रावीरी म्हणाला. "आणि तुम्ही सांगणार नव्हतात."

"ज्या घरी त्या तुम्हाला सांभाळतात, त्याच घराचा निर्णय त्यांच्या पाठीमागे मला घेता येत नाही."

मी हात पुढे केला. हिनेवाईचं अक्षर होतं. मला पाठ झालंय. 'मला गावातल्या शुश्रूषागृहात जागा द्यावी. माझ्या बायकोला बसून राहणं जमत नाही आणि तिला बसवून ठेवणं मला जमत नाही. ती हे स्वतः कधी म्हणणार नाही. तिला सांगू नका, ती भांडेल.'

रग्बी क्लब. सर्दी. सेमिसीचं हवामान. सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटी या घरात खडूने आकडे लिहीत होते.

मला काय झालं ते खरं लिहिते. आधी राग आला. त्याच्या पाठोपाठ, अगदी क्षणभर, हलकं वाटलं. कुणीतरी फाटक उघडलं असं. आणि मग त्या हलकं वाटण्याची इतकी लाज वाटली की पाय दाराकडे वळले. व्हरांड्यापर्यंत गेले असते, कोंबड्यांपर्यंत, मोआनाच्या शेडपर्यंत.

त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कोपर छातीशी, मूठ पार मिटलेली, जूनमध्ये होती तशी. औषधाच्या ऐन जोरात.

मी शर्ट खांद्यावर टाकला आणि त्याच्या शेजारी बसले. कोपराखाली माझा हात दिला, दुसरा मुठीखाली. ओढलं नाही.

मिसेस बुकाननांनी घड्याळ बघून काहीतरी लिहिलं. चौथं मिनिट आलं आणि गेलं, भीती आली आणि बसली, मी तिला बसू दिलं. दहा झाली. हिनेवाई खिडकीशी उभी राहून नाक पुसत होती. पंधराव्या मिनिटाला अंगठा सुटला. मग कोपर माझ्या तळहातावर जड झालं, झोपलेल्या लेकराचं डोकं होतं तसं. आधी डावी बाही, बोटं गोळा करून, मनगट, कोपर, खांदा. मग पाठ. मग उजवी. बटणं त्याने स्वतः लावली, एका हाताने, वरचं एक चुकीच्या काजात.

एकेचाळीस मिनिटं. एका शर्टाला. शेडमध्ये तेवढ्या वेळात त्याने पंधरा मेंढ्या केल्या असत्या. मला वाटलं, संपलं, आपण हरलो.

तळवा धुतला. फळी ठेवली, पाऊल टेकवलं, टाच उतरेपर्यंत दोघंही थांबलो. तो उभा राहिला, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून, वळला आणि खुर्चीत बसला.

मिसेस बुकानन म्हणाल्या, "मला जमतं का एवढंच लिहायचं असतं. किती वेळात, असा रकाना नाही. जमतं." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आता तुमच्या पत्राचं काय करू?"

"तिला विचारा."

"मला कशाला विचारायला लावतोस?" मी म्हटलं. आवाज चढलाच. "जायचं असतं तर मी मार्चमध्येच गेले असते. माझा वेग तुला माहीत आहे."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

मिसेस बुकानन उठल्या. आज सही नको, त्या म्हणाल्या, तुम्ही दोघं बोला, मी चारला फोन करते. हिनेवाईला म्हणाल्या की मला गाडीपर्यंत सोड, आणि ती मुकाट्याने गेली.

आम्ही दोघंच राहिलो. मी खुर्चीजवळ स्टूल ओढलं आणि हात हातात घेतला. पुन्हा आवळायला लागला होता.

"मला वाटलं, तू अडकलीयस," तो म्हणाला.

नाही म्हणणं सोपं होतं. जीभ तिथपर्यंत आलीही होती. पण हा हात हातात घेऊन खोटं बोलता येत नाही, एवढं मला या महिन्यात कळलंय. तोंडाने तो काहीही म्हणो, हाताला सगळं आधी समजतं.

"अडकलेय," मी म्हटलं. "कधीकधी इतकी, की हे दार तोडून पळावंसं वाटतं. आज ते पत्र वाचून क्षणभर बरंही वाटलं. तुला ऐकायचं असेल तर ऐक."

तो ऐकत होता.

"शेडमध्ये मला परत जायचंय. आठवड्यातून दोन दिवस, हिनेवाईला जमेल तसं. त्या दिवशी तुझी आठवण यायची नाही, तेही सांगून ठेवते. पण संध्याकाळी घरी आल्यावर तू इथे हवास. तिकडे मैदान बघत बसलेला नको. मला तू या खुर्चीत हवायस, रावीरी."

किती वेळ गेला कळलं नाही. कोंबड्या ओरडत होत्या, त्यांना दाणे घालायचे राहिले होते. मी खाली पाहिलं तर हात उघडलेला होता, आणि मी तो उघडला नव्हता.

चारला फोन आला. तोच बोलला.

"ते पत्र फाडून टाका," म्हणाला. "मी घरी आहे."